इंदूच्या पेपरचे मार्क

तुमसरात मला सगळे 'मास्तर' म्हणत, पण माझ्या अंगावर खडूपेक्षा कोंडाच जास्त असे. नोकरी राईस मिलमध्ये. धान भरडायच्या मशीनला हॉलर म्हणतात, तो मी चालवीत असे. शिक्षण सातवी. सकाळी मिलचा भोंगा होण्याआधी दीड तास आणि रविवारी पूर्ण सकाळ माझ्या अंगणात पंधरा-वीस पोरंपोरी बसत, आणि मी त्यांना इंग्रजीचं व्याकरण शिकवीत असे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या शेजाऱ्यांनी तेव्हाच हसून घेतलं होतं.

संपादक म्हणाले, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, माझं मराठी शुद्ध नाही. ते म्हणाले, आम्ही तपासून घेऊ. मी म्हटलं, तपासा, पण पुसू नका. माझी बायको भागरता जाऊन दीड वर्ष झालं. लोक भेटायला येतात, बसतात, माना हलवतात, चहा पिऊन जातात. कप मला धुवावे लागतात. त्यापेक्षा लिहिणं बरं.

इंग्रजी मी शाळेत शिकलो नाही. सातवीनंतर बापानं मँगनीजच्या खाणीवर साहेबाच्या बंगल्यात कामाला लावलं. साहेब मद्रासकडचे. त्यांची आई तिकडं शाळेत मास्तरीण होती. म्हातारीला मराठी येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं, आणि गप्प बसणं तर अजिबात येत नव्हतं. सहा वर्षं मी त्या बंगल्यात भाजी चिरली आणि म्हातारीनं मला इंग्रजी घोटून घोटून पाजलं. चुकलं की लाकडी पट्टी हाणायची. माझ्या बोटांवर नाही, ओट्यावर. पण आवाज असा की हातातला कांदा उडावा. मग साहेबांची बदली झाली, म्हातारी गेली, मी तुमसरला येऊन मिलला लागलो. डोक्यात अख्खं इंग्रजी व्याकरण आणि समोर धानाचा ढीग. त्याचा उपयोग काय, तर मशीन बंद पडलं की मी त्याला इंग्रजीत शिव्या देत असे.

क्लास निघाला भागरतेमुळे. तिचा धाकटा भाऊ मॅट्रिकला इंग्रजीत आपटला. त्या काळी आमच्याकडे घरटी एक तरी इंग्रजी-नापास असायचा, त्यात नवल नव्हतं. ती म्हणाली, "मशीनशी इंग्रजीत बोलता, माह्या भावाशी बोलाले काय होते?" बोललो. तो पास झाला. पुढच्या साली चार आले, मग दहा, मग अंगण पुरेना.

माझी एक रीत होती. कोणताही नियम पोरांना सांगण्याआधी मी तो भागरतेला सांगायचो. ती सही करायची आणि आकडे वाचायची, त्यापलीकडे तिला अक्षर येत नव्हतं. इंग्रजीचा तर गंध नाही. ती चुलीपुढं भाकर थापत असायची आणि मी पाटावर बसून सांगायचो. तिला समजलं तर ती म्हणायची, "हे तं आपल्या घरातलंच हाये." नाही समजलं तर काही बोलायची नाही, भाकर जरा जोरात आपटायची. मग मी उदाहरण बदलायचो.

एक नमुना देतो. 'सिन्स' आणि 'फॉर' यांत पोरं फार गोंधळत. दोन्हींचं मराठी 'पासून' करून मोकळी होत. मी भागरतेला घोळघोळून सांगितलं, काळाचा आरंभबिंदू, काळाची व्याप्ती, म्हातारीनं सांगितलं होतं तसं. भाकर आपटली. मग तीच म्हणाली, "म्हणजे खुंटा अन् दोर?" मी म्हटलं, कसं काय? ती म्हणाली, "गाय कुठं बांधली, तो खुंटा. सोमवारपासून, दिवाळीपासून. तो तुमचा सिन्स. अन् दोर किती लांब, दोन दिवस, चार वर्षं, तो तुमचा दुसरा." चाळीस वर्षं झाली, त्या अंगणात शिकलेला माणूस हे विसरलेला नाही. लोक म्हणतात, काय मास्तरची अक्कल! मी कधी सांगितलं नाही की ती अक्कल माझी नव्हती. आज सांगतो.

आता इंदूवर येतो. साल नक्की आठवत नाही. नवीन दहावी निघून काही वर्षं झाली होती आणि तुमसरात टीव्ही एखाद्याच घरी होता. जून महिन्यात आंबागडचे झिंगरूजी पोरीला घेऊन अंगणात उभे राहिले. शेतकरी माणूस, डोक्याला पंचा, हातात छत्री, बोलणं सरळसोट.

"मास्तर, हे माही इंदू. दोनदा आपटली इंग्रजीत. बाकी सप्पा विषयात पास हाये."

"मेहनत करते का?"

"मेहनत करते जी. पण माह्यापाशी टाइम नाही. सिहोऱ्याचं स्थळ आलं हाये. पोरगा चांगला हाये, घरी धानाची शेती हाये. ते लोक आमच्या मंडईले येतात, त्या दिवशी मले त्याईले हो का नाही सांगा लागते. अन् इचं म्हणणं, मले नर्स व्हायचं हाये. ट्रेनिंगले दहावी पास पाहिजे. ऑक्टोबरात पास होत असन तं मी सिहोऱ्यावाल्याईले नाही म्हणतो. नापास होत असन तं हो म्हणतो. माही काही जिद्द नाही."

परगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, दंडारीचा म्हणजे नाच-सोंगांचा खेळ, आणि घरोघरी पाहुणे. पाहुण्यांत सोयरिकी जुळतात. मंडईत दिलेला शब्द कोणी मागं घेत नाही.

"पण झिंगरूजी," मी म्हटलं, "ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल मंडईच्या मागून येते. थंडी पडल्यावर."

"मले मालूम हाये. पण तुमचा अंदाज तं आधीच येते ना? तोच माह्या घरचा निकाल."

हा अंदाज म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. पेपर झाला की पोरं प्रश्नपत्रिका घेऊन माझ्याकडे येत. मी एकेक प्रश्न घेऊन विचारायचो, काय लिहिलं, कसं लिहिलं, स्पेलिंग काय केलं. आणि मार्क देत जायचो, कंजूष माणसासारखे. शेवटी बेरीज. ती बेरीज आणि बोर्डाची बेरीज यांत एक-दोन मार्कांपेक्षा जास्त फरक पडल्याचं मला आठवत नाही. आकडा मी पोरांना सांगत नसे, फक्त त्यांच्या घरच्या वडिलधाऱ्याला. पोराला सांगितलं तर घरी पोचेपर्यंत त्याचे दहा मार्क वाढलेले असत. तालुक्यात माझ्या शिकवण्यापेक्षा या अंदाजाचंच नाव जास्त होतं, आणि मला त्याचा गर्वही होता. कायले खोटं बोलू?

मग मी इंदूकडं वळलो. मी विचारलं, "तुले नर्स कायले व्हायचं हाये वं?"

ती म्हणाली, "आमच्या गावात नर्सबाई सायकलवर येते जी. ते आली का पाटील उठून खुर्ची देते."

भागरता दारातून ऐकत होती. ती आत गेली आणि इंदूसाठी पाण्याचा गडवा घेऊन आली. मी समजलो, पोरगी भरती झाली.

इंदू तुमसरात मावशीकडे राहायला आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच घर. पोरगी हुशार होती, पण शाळेत तिला सगळं पाठ करायला लावलं होतं, आणि पाठ केलेलं परीक्षेच्या हॉलमध्ये उडून जात असे. मी तिला म्हटलं, पाठ करणं बंद. समजलं तर लिही, नाही समजलं तर भांड.

तिनं भांडणं मनावर घेतलं. 'अ' आणि 'द' मी असे शिकवीत असे: बैलबाजारात गेलात, शंभर बैल उभे आहेत, त्यातला एक पाहिला, तो 'अ'. दात पाहिले, शेपूट ओढली, सौदा झाला, घरी येऊन त्याच्याबद्दल बोलता, तो 'द'. ओळख झाली की 'द'. इंदूनं हात वर केला.

"मंग सूर्याले 'द' कायले लावतात? त्याचे दात कोणं पाहिले?"

सगळं अंगण हसलं. म्हातारीनं नियम सांगितला होता, कारण सांगितलं नव्हतं. चुलीजवळून भागरता ओरडली, "एकुलत्या एक जावयाले, कोणता जावई आला, असं कोणी इचारते का वं?" इंदूनं लगेच वहीत लिहून घेतलं. तारे पुष्कळ, सूर्य एकच. सूर्य म्हणजे एकुलता एक जावई.

जावयावरून आठवलं. त्या वर्षी क्लासात एक कापडवाले शेठ बसत. वय पन्नाशीचं, पोट पुढं, पोरांच्या रांगेत मांडी घालून. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मास्तरजी, मले पूर्ण इंग्लिश नको. मले फकस्त समजली पाहिजे." भानगड अशी होती की त्यांचा नागपूरचा जावई दोस्तांना घेऊन सासुरवाडीला यायचा, आणि ते सगळे शेठजींसमोर इंग्रजीत बोलून हसायचे. शेठजींना खात्री होती की ते त्यांनाच हसतात. इंदू आणि शेठ यांची चुरस लागली. 'डिड यू वेंट' असं शेठ म्हणाले की इंदू म्हणायची, "शेठजी, एका पोत्याले दोन हमाल!" कारण ते मीच शिकवलं होतं. भूतकाळाचं पोतं 'डिड'नं उचललं, आता 'वेंट'नं खांदा मोकळा करून परत 'गो' व्हायचं. शेठजींना ते पटायचं, पण जीभ ऐकायची नाही. पोळ्याला जावई आला. दुसऱ्या दिवशी शेठ तोंड पाडून आले. मी विचारलं, समजलं काय?

"सप्पा समजलं."

"मग? तुम्हालाच हसत होते?"

"कायचे जी! स्कूटर किती अॅव्हरेज देते ते सांगून राहिले होते. तीन घंटे स्कूटर. मास्तर, पोरगी कोणाले देऊन बसलो मी?"

तरी ते क्लासला येत राहिले. म्हणाले, आता सवय लागली.

दुसरं गिऱ्हाईक मागच्या दारानं यायचं. एका हायस्कूलचे इंग्रजीचे गुरुजी, बी.ए. झालेले. गावाचं नाव लिहीत नाही. परसातल्या पपया पाहायच्या निमित्तानं येत आणि पपईच्या झाडाखाली हळूच विचारत. भागरता म्हणाली, "गुरुजी, समोरून या ना. इथं लाज ठेवून घेत नाही कोणी." गुरुजी हसले, पण दार बदललं नाही. त्यांना सतावत होतं ते दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडानं सांगताना इंग्रजीत 'हिअर'चं 'देअर' आणि 'टुडे'चं 'दॅट डे' का होतं ते. नियम त्यांना माझ्याहून जास्त पाठ होते. मी म्हटलं, गुरुजी, सून माहेरी जाऊन सासूचं गाऱ्हाणं सांगते तसं समजा. सासू म्हणाली, मी इथून आज हलणार नाही. सून चार दिवसांनी माहेरच्या ओट्यावर बसून सांगते, ती म्हणाली, मी तिथून त्या दिवशी हलणार नाही. सून आता 'इथं' म्हणेल का? इथं म्हटलं तर सासू माहेरीच येऊन बसली! जाताना गुरुजी दोन पपया खरोखरच घेऊन गेले.

असे ते चार महिने मजेत गेले. इंदूचं इंग्रजी असं पक्कं झालं की मी मिलला गेल्यावर ती नवीन आलेल्यांना समजावून सांगायची. मला शंका राहिली नव्हती. भागरतेलाही नाही. तिनं तर इंदूला नर्सच्या पांढऱ्या लुगड्यात कल्पूनही टाकलं होतं. एकदा म्हणाली, "लंबी हाये, शोभून दिसन."

मग परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदू प्रश्नपत्रिका घेऊन आली. चेहरा उजळलेला. म्हणाली, "जी, निबंध 'माझं गाव' आला होता!"

मी म्हटलं, छान. काय लिहिलं?

तिनं सांगायला सुरुवात केली. पोरीनं आंबागड अख्खं लिहिलं होतं. किल्ल्याची टेकडी, तलाव, धानाच्या रोवण्याला वाकलेल्या बायांची रांग, मोहाच्या दिवसांत पहाटे मोहफुलं वेचायला जाणं. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचं काही इंग्रजीत सांगता येत होतं, आणि ती थांबलीच नाही. दहा मार्कांचा निबंध, तिनं सहा पानं लिहिली. मी विचारलं, आणि हा व्याकरणाचा प्रश्न? वीस मार्कांचा?

"टाइम नाही पुरला जी. घंटी झाली."

मी प्रश्नपत्रिका घेतली आणि तो सगळा प्रश्न तिला तोंडी विचारला. दर उत्तराला मी 'बरोबर' म्हणत गेलो, चुलीपुढं भागरता ऐकत होती. वीसच्या वीस बरोबर. अडखळली नाही, डोळे मिटले नाहीत. पण न लिहिलेल्याला बोर्ड मार्क देत नाही. निबंधाला मी दहापैकी आठ दिले. माझ्या हातून एवढे कधी सुटत नसत. बाकी प्रश्नांचे धरले. बेरीज एकतीस झाली. पासाला पस्तीस.

चूक माझी होती. मी तिला भाषा शिकवली, पण घड्याळ पाहायला शिकवलं नाही. आमच्या अंगणातल्या बाकीच्या पोरांना पेपर म्हणजे संकट. ती वेळेकडं डोळे लावून असत. हिला पेपर म्हणजे बोलायची संधी वाटली. असं पोर मला पूर्वी भेटलंच नव्हतं.

तिला काही बोललो नाही. संध्याकाळी जेवताना भागरतेला सांगितलं.

"एकतीस."

तिचा घास हातातच राहिला. "सकाळी तं बरोबर बरोबर म्हणून राहिले होते तुमी. येत नाही का तिले?"

"येते. सगळं येते."

"मंग?"

"मंग काय? लिहिलं नाही तर नाही. मी मार्क वाटतो, प्रसाद नाही वाटत."

त्या दिवसापासून मंडईपर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मीठ हवं का, पाणी तापलं, एवढंच. मधे एकदा मात्र म्हणाली, "तुमी झिंगरूजीले काय सांगान?" मी म्हटलं, जे आहे ते. ती म्हणाली, "मालूमच होतं."

मला तुम्ही दगड समजू नका. मी सारखा विचार करीत होतो. पण माझी बाजूही खोटी नव्हती. सिहोऱ्याचं घर चांगलं होतं. पोरगा वाईट नव्हता; मी मिलमध्ये त्याला धान आणताना पाहिला होता, हमालांशी नीट बोलायचा. पास म्हणून सांगावं आणि नापास निघाली तर बाप दोन्हीकडून बुडणार. आणि माझा शब्द? लोक आंबागडहून, सिहोऱ्याहून माझा अंदाज ऐकायला येत, ते मी कोणाचं तोंड पाहून बोलत नाही म्हणूनच ना?

मंडईच्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं आंबागडला गेलो. गाव गजबजलेलं. झिंगरूजींच्या अंगणात दोन खाटा टाकलेल्या. एकीवर सिहोऱ्याचे पाहुणे, पोराचा बाप आणि मामा. दुसरीवर आम्ही. बायका ओसरीवर. इंदू चहा घेऊन आली. ती मला पाहून हसली. पास आहोत अशी तिची खात्री होती, कारण तिला विचारलेलं सगळं आलं होतं. ते हसू मला चहापेक्षा जास्त पोळलं.

चहा झाला, पानं झाली. झिंगरूजी म्हणाले, "तं मास्तर, तुमच्यासाठीच थांबलो हावो आमी. सांगा."

मी घसा खाकरला. एकतीस जिभेवर होते.

ओसरीवरून भागरता म्हणाली, "पास हाये जी पोरगी."

सगळ्यांनी तिकडं पाहिलं. चार पुरुष बसले असताना ओसरीवरून बोलणं तेव्हा आमच्याकडे रीतीचं नव्हतं. मामा मिश्यांत हसले. म्हणाले, "बाई, तुमाले इंग्रजी येते वाटते?"

"नाही येत," ती म्हणाली. "पण वीसच्या वीस बरोबर सांगितले तिनं, ते मी माह्या कानानं आयकलं."

झिंगरूजी म्हणाले, "वहिनी, तुमचं खरं. पण मले मास्तरच्या तोंडून आयकू द्या. मास्तर, किती?"

भागरता माझ्याकडं पाहत होती. रागानं नाही. विनवणीनंही नाही. भाकर थापताना मी नियम सांगायचो, आणि समजलं का म्हणून तिच्या तोंडाकडं पाहायचो. आज ती माझ्या तोंडाकडं तसंच पाहत होती.

मी म्हटलं, "अडतीस."

झिंगरूजींनी मांडीवर थाप मारली. मग पाहुण्यांपुढं हात जोडले. "माफ करा जी. पोरगी शिकून राहिली हाये." पोराचा बाप भला माणूस होता. थोडा हिरमुसला, पण उठताना म्हणाला, "शिकू द्या. नर्स झाली तं आमाले बी सुई देईन."

परतीच्या एसटीत भागरता पहिल्यांदा मोकळं बोलली.

"अडतीस कुठून आणले जी?"

"पस्तीस म्हटलं असतं तर संशय आला असता. चाळीस म्हणायला तोंड वळलं नाही."

ती इतकी हसली की समोरच्या बाईनं मागं वळून पाहिलं.

पण पुढचा महिना हसण्याचा नव्हता. मी इंदूला निरोप धाडला, परीक्षा झाली तरी क्लास सोडू नको, ट्रेनिंगमध्ये इंग्रजी लागते. ती आली. आता मी तिला एकच शिकवलं. पेपर हातात आला की आधी व्याकरण, मग पत्र, आणि गाव शेवटी. उशाशी ठेवायचं घड्याळ तिच्यापुढं मांडून मी तिला निबंध लिहायला लावायचो आणि वीस मिनिटं झाली की वही ओढून घ्यायचो, वाक्य अर्धं असलं तरी. ती चिडायची. "जी, तलाव राहिला ना!" राहू दे म्हटलं, तलाव कुठं पळून जात नाही.

थंडी पडली आणि निकाल आला. इंग्रजी, एकतीस. भागरतेनं मार्कांचा कागद हातात घेऊन दोनदा पाहिला, आकडे तिला वाचता येत होतेच. कागद मला परत दिला आणि हळूच म्हणाली, "बरोबर तुमचेच." ओसरीवर इंदू रडत होती, भागरता जाऊन तिच्याजवळ बसली.

झिंगरूजी तणतणत आले. अंगणात पोरं बसलेली, शेठ बसलेले, सगळ्यांसमोर बोलले. "मास्तर, तुमच्या भरोश्यावर मी सोन्यासारखं स्थळ सोडलं! तिकडं त्याईनं दुसरी पोरगी पाहून टाकली. अडतीस म्हणे! सात मार्काचा फरक? आयुष्यभर कोंडाच मोजला का तुमी?"

मी म्हटलं, "चुकलं माझं, झिंगरूजी. आता मार्चचा फॉर्म भरा. ती पास होईल."

"हेही तुमचा अंदाजच ना?"

"हो. अंदाजच."

फॉर्म त्यांनी भरला. दुसरं करणार काय, स्थळ तर गेलंच होतं. मार्चमध्ये इंदू बावन्न मार्कांनी पास झाली, आणि पुढच्या साली ट्रेनिंगला गेली. पहिली नेमणूक झाली तेव्हा आम्हा दोघांना भेटायला आली, पांढऱ्या लुगड्यात. लंबी दिसत होती. झिंगरूजींनी त्यानंतर मला मंडईला बोलावणं सोडलं नाही, पण अंदाज कधी विचारला नाही.

कोणीच विचारला नाही. गोष्ट तालुकाभर झाली, मास्तरचा आकडा सात मार्कांनी चुकला. लोक म्हणू लागले, आता कान कमी झाला असेल, मिलच्या आवाजानं होते असं. प्रश्नपत्रिका घेऊन येणारे हळूहळू थांबले. क्लास आणखी काही वर्षं चालला, मग शिकवणीचे नवे वर्ग निघाले, बाकांचे, पंख्यांचे. मला राग नव्हता. कधी कधी मात्र, कोणी मुद्दाम टोमणा मारला की, घरी येऊन मी भागरतेवर खेकसायचो. ती म्हणायची, "मले मालूम हाये ना एकतीस होते. एका माणसाले मालूम हाये, पुरे नाही का?" पुरे होतं. खरं सांगतो, पुरे होतं.

भागरता गेली तेव्हा तेराव्याला इंदू आली. आता तीही रिटायर झाली आहे, चष्मा लागला आहे. सगळे गेल्यावर बसून राहिली, कप तिनंच धुतले. मग म्हणाली, "जी, एक सांगू? तुमचा अंदाज आयुष्यात एकदाच चुकला, अन् तो माह्याच पायी. लोक तुमाले बोलले. मले अजूनही वाईट वाटते."

मी म्हटलं, "चुकते बाई. माणूस हाये."

त्या दिवशी घरात भागरतेचा फोटो होता, हार होता, आणि खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. पण हे जाणणारं माझ्याखेरीज एकच माणूस होतं, ते गेलं, आणि मीही आता फार दिवस थांबेन असं दिसत नाही. इंदू, हा अंक तुझ्या घरी येतो, हे मला माहीत आहे. पेपरच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच मी घरात एकतीस सांगितले होते. ओसरीवरून बोलायची हिंमत भागरतेची होती. माझा तेवढा अडतीसचा आकडा.